शिडाचे जहाज की आगबोट : वेग मोजण्याआधी काय मोजावे?

एकोणिसाव्या शतकातील सागरी व्यापारावर बेतलेल्या संगणकीय खेळांत एक टप्पा हमखास येतो. तोवर शिडाच्या जहाजांवर चाललेला व्यापार विस्तारलेला असतो, तिजोरीत पैसा असतो आणि बाष्पयंत्रे बनवणारा कारखाना उभा राहताच आगबोट बांधण्याची सोय होते. मग खेळाडू दोन्ही जहाजांच्या माहितीच्या चौकटी उघडतो, वेगाचे आकडे ताडून पाहतो आणि पेचात पडतो. कारण क्लिपर म्हणून ओळखले जाणारे निमुळत्या बांध्याचे, भरपूर शिडांचे जहाज कागदावर मालवाहू आगबोटीच्या तोडीस तोड, कधी तर तिच्याहून चपळ दिसते. असे असेल तर महागडी आगबोट बांधायची कशासाठी? हा प्रश्न खेळापुरता नाही. १८४० ते १८८० या चाळीस वर्षांत लंडन, लिव्हरपूल, मुंबई आणि कलकत्त्याच्या जहाजमालकांना तो खऱ्या पैशांनिशी सोडवावा लागला आणि त्याचे उत्तर वेगाच्या एका आकड्यात त्यांनाही सापडले नाही.

उदाहरणासाठी २०१९ साली आलेला युबिसॉफ्टचा ‘ॲनो १८००’ हा खेळ घेऊ. त्यात शिडाच्या जहाजांचा वेग वाऱ्याच्या दिशेनुसार कमी-अधिक होतो, आगबोटीवर मात्र वाऱ्याचा परिणाम होत नाही. क्लिपरमध्ये मालाचे चार कप्पे असतात, मालवाहू आगबोटीत सहा. एवढ्या दोन-तीन नियमांतून खेळ बनवणाऱ्यांनी इतिहासातील बराच मोठा भाग पकडला आहे. जो भाग त्यांनी सोडून दिला आहे, तोही तितकाच बोलका आहे. या लेखात दोन्ही समजून घेऊ.

सर्वोच्च वेग आणि प्रवासाचा वेग

जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. ताशी एक समुद्री मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हा एक नॉट. शिडाच्या जहाजांच्या वेगाविषयी बोलताना बहुतेक वेळा ‘कटी सार्क’चा दाखला दिला जातो आणि तो योग्यच आहे. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे पाण्यात उतरलेल्या या क्लिपरने साडेसतरा नॉटपर्यंत वेग गाठल्याची नोंद आहे आणि एका दिवसात ३६० समुद्री मैलांहून अधिक अंतर कापले आहे. १८८९ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ, सिडनीकडे जाताना, तिने पी. अँड ओ. कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ या टपालबोटीला रात्रीच्या वेळी मागे टाकले. ती टपालबोट त्या काळची अव्वल दर्जाची आगबोट होती आणि त्या वेळी चौदा-पंधरा नॉटच्या वेगाने चालली होती. आगबोटींचे युग सुरू होऊन अर्धशतक उलटल्यानंतर घडलेली ही घटना आहे.

मात्र हा वेग मनासारखा वारा असतानाचा. सबंध प्रवासाचा हिशेब मांडला की चित्र पार बदलते. १८६६ साली चीनमधील फूचौ बंदरातून नव्या हंगामाचा चहा घेऊन निघालेल्या क्लिपरांची शर्यत प्रसिद्ध आहे. ‘टीपिंग’, ‘एरियल’ आणि ‘सेरिका’ ही तीन जहाजे मे महिन्याच्या अखेरीस निघाली आणि ९९ दिवसांनी, ६ सप्टेंबरला, एकाच भरतीच्या पाण्यावर लंडनच्या गोदीत शिरली. त्यातल्या पहिल्या दोहोंमध्ये अर्ध्या तासाचेही अंतर नव्हते. पहिल्या येणाऱ्या जहाजाच्या चहाला टनामागे दहा शिलिंग जास्त भाडे मिळणार होते, त्यामुळे कोणीही कसर ठेवली नव्हती. कप्तान निष्णात, खलाशी निवडक, जहाजे जगातील सर्वांत वेगवान. आता भागाकार करू. आफ्रिकेला वळसा घालून होणारा हा प्रवास सुमारे १४,००० समुद्री मैलांचा. तो ९९ दिवसांत झाला, म्हणजे दिवसाला साधारण १४१ मैल आणि तासाला सहा मैलांहूनही किंचित कमी. वारा साथीला असताना चौदा-पंधरा नॉट सहज पळणाऱ्या जहाजांची, आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या शर्यतीतली सरासरी सहा नॉटसुद्धा भरली नाही.

याच मोसमात ‘अर्ल किंग’ नावाची बोट फूचौहून ५ जूनला, म्हणजे क्लिपरांच्या नंतर जवळजवळ आठवड्याने, निघाली. तिला शिडेही होती आणि बाष्पयंत्रही. ती ७७ दिवसांत, क्लिपरांच्या पंधरा दिवस आधी, लंडनला पोहोचली. वाटेत कोळसा भरण्यासाठी थांबलेला वेळ धरूनही तिची सरासरी साडेसात नॉट पडते. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता, ती त्याच आफ्रिकेच्या वळशाने आली. कालव्याने क्लिपर बुडवले असे सरसकट म्हटले जाते, पण ‘अर्ल किंग’चे हे ७७ दिवस कालव्याच्या तीन वर्षे आधीचे आहेत, हे विसरू नये.

वारा नेमके काय करतो

शिडाचे जहाज वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाऊ शकत नाही. आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडे बांधलेली मोठी जहाजे वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६५ ते ७० अंशांचा कोन ठेवूनच पुढे सरकत. वारा समोरून असेल तर आधी डावीकडे तिरपे जायचे, मग जहाज वळवून उजवीकडे तिरपे, अशी नागमोडी वाट धरावी लागे. हा कोन ६७ अंश धरला, तर सरळ रेषेत एक मैल पुढे जाण्यासाठी प्रत्यक्षात अडीच मैलांहून जास्त अंतर कापावे लागते. म्हणजे पाण्यावर आठ नॉटने धावणारे जहाज मुक्कामाच्या दिशेने जेमतेम तीन नॉटने सरकते. शिवाय वारा त्याला सतत बाजूला ढकलत असतो, तो तोटा वेगळाच. शिडाच्या कप्तानांनी म्हणूनच सरळ रस्ता सहसा निवडला नाही. ते वाऱ्याची वाट शोधत हजार-दोन हजार मैलांचा वळसा आनंदाने घेत, आणि तरीही विषुववृत्ताजवळच्या निवांत पट्ट्यात वारा पडला की दिवसेंदिवस जागच्या जागी डुलत राहत.

चहाच्या क्लिपरांची अडचण तर आपल्या ओळखीची आहे. चहाची पहिली खुडणी मे महिन्यात हाती येई आणि नेमका तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होई. कोकणात जो वारा पाऊस घेऊन येतो, तोच दक्षिण चिनी समुद्रात या जहाजांच्या तोंडावर येत असे. दक्षिणेकडे निघालेल्या क्लिपरला प्रवासाचा पहिला भाग वाऱ्याशी झगडतच काढावा लागे. हिवाळ्यात निघालेले जहाज हाच टप्पा ईशान्य वाऱ्यावर सुखाने पार करी, पण तोवर नव्या चहाचा भाव उतरलेला असे.

अटलांटिक महासागरात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तेथे पश्चिमेकडून वारे वाहतात. त्यामुळे शिडांच्या टपालजहाजांना न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला यायला साधारण तीन-साडेतीन आठवडे लागत, तर तोच रस्ता उलट कापायला पाच आठवडे. १८३८ साली ‘ग्रेट वेस्टर्न’ ही आगबोट ब्रिस्टलहून न्यूयॉर्कला पंधरा दिवसांत गेली आणि परतीलाही तिला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. जाण्या-येण्याचा वेळ सारखा असणे, हे त्या काळच्या व्यापाऱ्याला अपूर्व होते.

खेळात तुलना करताना हिशेबाची सर्वांत मोठी चूक येथे होते. समजा, बंदर ७२० मैलांवर आहे. क्लिपर जाताना १२ नॉटने जातो आणि येताना वारा विरुद्ध असल्याने ६ नॉटने येतो. त्याची सरासरी ९ नॉट, असे मन चटकन सांगते. पण जायला ६० तास आणि यायला १२० तास, म्हणजे १,४४० मैलांना १८० तास लागले. सरासरी ८ नॉट. दोन्ही दिशांना निमूटपणे ९ नॉटने चालणारी आगबोट हेच अंतर १६० तासांत संपवते. सायकलने घाट चढून उतरणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असते, की चढणीवर गमावलेला वेळ उतरणीवर भरून निघत नाही, कारण उतरणीवर आपण मुळात थोडाच वेळ असतो. वाऱ्याची अनुकूलता आणि प्रतिकूलता सम प्रमाणात असली तरी वेळेच्या हिशेबात प्रतिकूलतेचे पारडे जड राहते, आणि जितका फरक मोठा तितका तोटा मोठा. माहितीच्या चौकटीत क्लिपरचा जो घवघवीत आकडा दिसतो, तो या तोट्याआधीचा असतो.

आगबोटीचे पोट

मग आगबोटींनी पहिल्याच झटक्यात समुद्र का जिंकला नाही? याचे उत्तर मुंबईत बांधलेल्या एका बोटीच्या पहिल्या प्रवासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे बसवलेली बोट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नौरोजी जमशेदजी यांच्या देखरेखीखाली तयार झाली आणि २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन यांच्या हाताखाली सुएझकडे निघाली. तिच्या कोळशाच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावत असे. एडन मात्र साधारण १,६५० मैल दूर, तेथवर पोहोचायला अकरा दिवस लागणार होते. तेव्हा उतारूंच्या खोल्यांत आणि जागा सापडेल तेथे कोळसा भरण्यात आला. बोट नेहमीपेक्षा दोनेक फूट जास्त खोल बसली आणि कडेपर्यंत आलेल्या पाण्यातून कष्टाने वाट काढत निघाली. ती एडनला पोहोचली तेव्हा तिच्याकडे सुमारे सहा तासांचा कोळसा उरला होता.

पुढे कोळशासाठी थांबत थांबत ती २२ एप्रिलला सुएझला लागली. एकूण सुमारे ३३ दिवस. त्यातले प्रत्यक्ष चालण्याचे तीन आठवडेच, उरलेले बंदरात कोळसा भरण्यात गेले. चालताना ती साधारण सहा नॉटने जात होती, पण मुंबई ते सुएझ हे जवळपास ३,००० मैल आणि ३३ दिवस असा भागाकार केला तर सरासरी चार नॉटच्याही खाली येते. या प्रवासाने मुंबई-सुएझ टपालाचा मार्ग शक्य आहे हे सिद्ध केले, म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. व्यापारी मालाच्या दृष्टीने मात्र ही बोट स्वतःचाच कोळसा वाहणारी हमाल होती.

दहा वर्षांनी क्युनार्ड कंपनीची अटलांटिकवरची ‘ब्रिटानिया’ आली (वर आलेल्या बोटीशी तिचे केवळ नाव सारखे). तिच्यात ६४० टन कोळसा आणि अवघा २२५ टन माल मावत असे. पंधरा दिवसांत अटलांटिक ओलांडणाऱ्या या बोटीने नेलेल्या वजनापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वजन भट्टीत जळून जाण्यासाठीच होते. सरकारचे टपालाचे कंत्राट आणि पैसेवाले उतारू होते म्हणून तिचे भागले. धान्य, लोकर किंवा तांदूळ वाहून अशा बोटीचा खर्च निघणे अशक्य होते.

त्यात वेग वाढवावा तर कोळसा भडकतो. पाण्यातून जहाज ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठ नॉटवरून दहावर जायचे, म्हणजे वेग सव्वापट करायचा, तर तासाला लागणारा कोळसा जवळजवळ दुप्पट होतो; प्रवास लवकर संपतो हे धरूनही त्याच अंतराला दीडपटीहून अधिक कोळसा लागतो. शिडाच्या जहाजाला हा हिशेब लागू नाही. जोराचा वारा आला की त्याला फुकट वेग मिळतो, फक्त कप्तानाची छाती आणि डोलकाठ्यांची मजबुती यांचीच मर्यादा असते. मालवाहू आगबोटी बराच काळ आठ-दहा नॉटवरच का राहिल्या, याचे कारण त्यांच्या यंत्रांच्या दुबळेपणात नाही. मालकांनी तो वेग हिशेबाने निवडलेला होता.

हा हिशेब बदलला तो बॉयलरमुळे. १८४० च्या ‘ब्रिटानिया’त वाफेचा दाब चौरस इंचाला ९ पौंडांच्या आसपास होता. लिव्हरपूलच्या अल्फ्रेड होल्ट यांनी १८६६ साली ‘ॲगमेम्नॉन’ ही बोट चीनच्या मार्गावर आणली, तिच्यात तो ६० पौंड होता आणि तीच वाफ एका सिलिंडरमधून दुसऱ्यात नेऊन तिच्याकडून दोनदा काम करून घेण्याची सोय होती. परिणाम असा की ती दहा नॉटच्या वेगाने, दिवसाला वीस टनांच्या आसपास कोळसा जाळत, लिव्हरपूलहून थेट मॉरिशसपर्यंत, म्हणजे ८,५०० मैल, मध्ये न थांबता जाऊ शके, आणि तरीही तिच्यात भरघोस माल मावे. १८८१ च्या ‘ॲबर्डीन’ या बोटीत दाब १२५ पौंडांवर गेला आणि वाफेकडून तीनदा काम करून घेतले गेले. इंग्लंडहून ४,००० टन माल घेऊन ती एकदाच कोळशासाठी थांबून ४२ दिवसांत मेलबर्नला पोहोचली. या तीन बोटींचा वेग थोडाफार वाढत गेला. खरा फरक आहे तो पोटात कोळसा किती आणि माल किती याचा. आगबोटीचा विजय वेग वाढल्याने झालेला नाही, तोच वेग स्वस्त झाल्याने झालेला आहे, आणि ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

सुएझ कालव्याची भूमिका या पार्श्वभूमीवर पाहावी. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी तो खुला झाला, ‘कटी सार्क’ पाण्यात उतरण्याच्या पाचच दिवस आधी. लंडन ते मुंबई हे सागरी अंतर आफ्रिकेच्या वळशाने साधारण १०,७०० मैल होते, ते कालव्याने ६,३०० च्या आत आले. शिडाच्या जहाजाला या आखूड वाटेचा उपयोग नव्हता. कालव्यातून ओढून नेण्यासाठी दुसरी बोट भाड्याने घ्यावी लागली असती, आणि अरुंद तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारे बहुतेक काळ उत्तरेकडून वाहतात, त्यामुळे युरोपकडे जाताना ते थेट समोरून येत. कालव्याने आगबोटीचा वेग एका नॉटनेही वाढवला नाही. त्याने फक्त तिच्यासाठी रस्ता आखूड केला. शिडाच्या जहाजासाठी जग होते तेवढेच मोठे राहिले.

तरीही शिडाची जहाजे आणखी चाळीस-पन्नास वर्षे टिकली, आणि कोठे टिकली ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाची लोकर, चिलीचा सोरा, कॅलिफोर्नियाचे धान्य, असे लांबच्या वाटेचे, स्वस्त आणि घाई नसलेले माल त्यांच्याकडे राहिले. या वाटांवर दक्षिण गोलार्धातील दमदार पश्चिमी वारे मिळत आणि कोळशाची ठाणी कमी होती. आणखी एक माल त्यांनी पुष्कळ वाहिला, तो म्हणजे कोळसा. इंग्रजांनी १८३९ च्या जानेवारीत एडन घेतले त्यामागे आगबोटींना कोळशाचे ठाणे मिळावे हा मोठा हेतू होता, आणि वेल्समधील खाणींचा कोळसा अशा ठाण्यांवर आणून टाकायला शिडाचीच जहाजे स्वस्त पडत. एडनला थांबून कोळसा घेणाऱ्या आगबोटीच्या वक्तशीरपणामागे आफ्रिकेला वळसा घालून आलेले, वाऱ्यावर अवलंबून असलेले एखादे जहाज उभे असे.

या उत्तरकाळातील जहाजे लोखंडी आणि पुढे पोलादी, रुंद पोटाची आणि थोड्या खलाशांवर चालणारी होती. त्यांना हळू समजण्याचेही कारण नाही. १९०२ साली बांधलेले ‘प्रॉयसेन’ हे जर्मन पाच डोलकाठ्यांचे जहाज १९१० च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लिश खाडीत एका आगबोटीला धडकले आणि कायमचे गेले. आगबोटीने नियम मोडून त्याच्या पुढून आडवे जाण्याचा प्रयत्न केला होता, कारण शिडाचे जहाज इतक्या वेगाने येत असेल असे तिला वाटले नव्हते.

वाऱ्यापासून सुटका म्हणजे समुद्रापासून सुटका नव्हे, हेही येथे नोंदवायला हवे. मुंबईहून कोकणपट्टीवर जाणाऱ्या आगबोटी विसाव्या शतकातही पावसाळ्यात बंद असत. गलबते आणि मचवे तर नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढूनच ठेवलेले असत. यंत्र वाऱ्याला जुमानत नसले तरी उघड्या बंदरात खवळलेल्या लाटांवर उतारू आणि माल उतरवणे त्याच्या हातात नव्हते. मी पाहिलेल्या व्यापारी खेळांत ऋतूंचा हा पैलू फार क्वचित येतो, आणि हिंदी महासागरावर बेतलेला खेळ कोणी बनवला तर त्यात तो आलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

खेळात तुलना कशी करावी

आता पुन्हा खेळाकडे वळू. जहाजाचे मोल ठरवणारी गोष्ट आहे ती एका मिनिटाला सरासरी किती माल बंदरात उतरतो ही. त्यासाठी जाणे, येणे, माल चढवणे, उतरवणे आणि धक्का मोकळा होण्याची वाट पाहणे, असा एका फेरीचा सगळा वेळ धरावा लागतो आणि जहाजात मावणाऱ्या मालाला त्याने भागावे लागते. ‘ॲनो १८००’मध्ये एका कप्प्यात ५० टन माल मावतो, म्हणजे क्लिपर २०० टन नेतो आणि मालवाहू आगबोट ३००. समजा, एखाद्या मार्गावर आगबोटीची फेरी १६ मिनिटांची आहे आणि क्लिपरची सरासरी १७ मिनिटांची. वारा साथीला असला तर ती १३ मिनिटांत होते, नसला तर २४ लागतात. आगबोट मिनिटाला जवळपास १९ टन माल आणते, क्लिपर १२ टनांच्या आत. फेरीच्या वेळेत एका मिनिटाचाच फरक असून कामात दीडपटीहून जास्त फरक पडला, आणि तो मुख्यतः पोटामुळे पडला, वेगामुळे नव्हे.

दुसरा हिशेब कोठाराचा आहे आणि खेळाडू त्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. शहराला मिनिटाला १० टन कॉफी लागते असे धरा. सरासरी पाहिली तर क्लिपर पुरेसा आहे, कारण तो मिनिटाला सुमारे १२ टन आणतो. पण ज्या फेरीला २४ मिनिटे लागतील त्या फेरीत शहर २४० टन कॉफी संपवील आणि जहाज २००च घेऊन येईल. तो निघताना कोठारात किमान २४० टन शिल्लक नसेल तर शहरात टंचाई होते, लोक नाराज होतात आणि खेळाडू वेग कमी पडला असे समजून आणखी एक जहाज बांधतो. आगबोटीला १६० टनांचा साठा पुरतो, कारण तिची फेरी ठरल्या वेळीच संपते. कोठारातला साठा सरासरी फेरीवर ठरत नाही, तो सर्वांत वाईट फेरीवर ठरतो. खऱ्या व्यापाऱ्यांनाही हेच भोवत असे: माल कधी येईल ते माहीत नसल्याने जास्त साठा ठेवायचा, त्यात पैसा अडकायचा आणि त्या पैशावर व्याज भरायचे. टपालाची बोट ठरल्या दिवशी येऊ लागली तेव्हा मुंबईतल्या कापसाच्या व्यापाऱ्याला थोड्या भांडवलात जास्त उलाढाल करता येऊ लागली, ती याच कारणाने.

याचा अर्थ क्लिपर मोडीत काढावेत असा नाही. जवळच्या बेटांदरम्यान प्रवास मुळातच छोटा असतो, त्यामुळे वाऱ्याने लागलेला उशीर एक-दोन मिनिटांचा असतो आणि बेतशीर साठ्यातच जिरून जातो. ज्या मालाची मागणी थोडी आहे त्यासाठी ३०० टनांची आगबोट अर्धी रिकामीच फिरेल. शिवाय एका मार्गावर दोन क्लिपर ठेवले आणि ते एकामागोमाग लगेच न सोडता अर्ध्या फेरीच्या अंतराने सोडले, तर मिळून मिनिटाला २३ टनांपर्यंत माल येतो आणि एकाला उशीर झाला तरी दुसरा वाटेत असतो. अशा वेळी एका आगबोटीचा देखभालीचा खर्च आणि दोन क्लिपरांचा मिळून खर्च यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. लांबचा मार्ग, रोज लागणारा माल आणि एकाच दिशेने जड वाहतूक, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे पहिली आगबोट लावावी.

खेळाने जे सोडून दिले आहे ते अर्थातच कोळसा. ‘ॲनो १८००’मधील आगबोट बांधायला बाष्पयंत्रे लागतात, पण समुद्रावर ती कोळसा जाळत नाही, वाटेत कोठे थांबत नाही, आणि तिच्या सहाही कप्प्यांत माल भरता येतो. म्हणजे खेळातील आगबोट ही ‘ह्यू लिंडसे’ नाही आणि ‘ब्रिटानिया’ही नाही, ती ‘ॲबर्डीन’नंतरची, सुधारलेली बोट आहे, आणि तिच्याशी सामना करणारा क्लिपर मात्र १८६० च्या दशकातला आहे. या दोघांची बरोबरी होऊ न शकणे स्वाभाविक आहे. कोणाला संक्रमणाचा खरा काळ अनुभवायचा असेल तर स्वतःवर एक नियम घालून घ्यावा: सुरुवातीच्या काही आगबोटींच्या सहापैकी चार कप्प्यांत कोळसाच भरायचा आणि तो मुक्कामाच्या बंदरात उतरवून टाकायचा. तेथवर कोळसा पोहोचवण्याचे काम क्लिपरांना द्यायचे. मग आगबोट कोणत्या मालासाठी परवडते आणि कोणत्या मालासाठी नाही, हे लगेच दिसू लागते.

प्रत्यक्ष मोजणी करायची असेल तर घड्याळ लावून एकाच मार्गावर, एकाच प्रकारच्या भरलेल्या मालानिशी, दोन्ही जहाजांच्या पूर्ण फेऱ्या मोजाव्यात. क्लिपरसाठी एक फेरी पुरत नाही. वाऱ्याची दिशा बदलेल तशा निदान पाच-सहा फेऱ्या मोजाव्या लागतात आणि त्यांची सरासरी व सर्वांत लांबलेली फेरी, हे दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवावे लागतात. रिकामे जहाज पळवून मोजलेला वेग कामाचा नाही, कारण मालाच्या वजनानेही चाल मंदावते. पहिल्या आकड्यावरून जहाजांची संख्या ठरवावी आणि दुसऱ्यावरून कोठाराचा आकार.